तरतरीची परीक्षा घेणारा डॉक्टर

स्मरणशक्ती वाढावी, मनाची धास्ती कमी व्हावी म्हणून वनस्पतींचे अर्क आणि गोळ्या घेणाऱ्यांत आजारी माणसे असतात, तशी धडधाकटही असतात. परीक्षेच्या तोंडावरचे विद्यार्थी असतात, नावे विसरू लागलेले निवृत्त गृहस्थ असतात. अशा माणसाला गुण येतो तेव्हा तो वनस्पतीचा, की आपण काहीतरी घेतले आहे या जाणिवेचा? हा प्रश्न केंब्रिजमधील एका डॉक्टरने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काटेकोरपणे हाताळला आणि त्यासाठी स्वतःचेच शरीर प्रयोगाला दिले. त्यांचे नाव विल्यम हॅल्स रिव्हर्स रिव्हर्स. आडनाव दोनदा लिहिण्यात छपाईची चूक नाही. ते तसेच होते.

१२ मार्च १८६४ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचारही करीत. मुलाचा तोतरेपणा मात्र आयुष्यभर पुरता गेला नाही. विषमज्वरामुळे केंब्रिजची शिष्यवृत्ती हुकली, तेव्हा रिव्हर्स लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाकडे वळले आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी वैद्यकीय पदवीधर झाले. काही काळ जहाजावरचे डॉक्टर म्हणून त्यांनी जपान आणि अमेरिका पाहिली. पुढे मज्जासंस्थेच्या विकारांकडून ते मानसशास्त्राकडे आले आणि १८९३ पासून केंब्रिजमध्ये शिकवू लागले.

जर्मनीत हायडेलबर्ग येथे एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर त्यांनी थकव्याचा अभ्यास केला होता. चहा आणि मद्यासारख्या पदार्थांचा साध्या बौद्धिक कामांवर काय परिणाम होतो, हे क्रेपेलिन मोजत असत. रिव्हर्स यांनी हेच काम केंब्रिजमध्ये पुढे नेले. कॉफीतील कॅफिन, कोकाच्या पानांतील कोकेन, कुचल्यातील स्ट्रिकनिन आणि तंबाखू या वनस्पतिजन्य पदार्थांबरोबर मद्यही त्यांनी अभ्यासासाठी घेतले. बोटाला दोरी बांधून वजन उचलत राहायचे आणि बोट थकेपर्यंतची प्रत्येक ओढ कागदावर उमटवायची, असे एक उपकरण होते. बौद्धिक कामासाठी सरकत्या पट्टीवरील ठिपके अचूक टिपण्याचे यंत्र होते.

या प्रयोगांसाठी रिव्हर्स यांनी चहा, कॉफी, कोको आणि मद्य पूर्णपणे सोडले. रोजचा चहा घेणारा माणूस सकाळी चहाविना बसला की निम्मा मंदावतो. मग एक पेला दिल्यावर दिसणारी तरतरी म्हणजे नुसती भरपाईही असू शकते. ही पळवाट त्यांनी आधीच बुजवली.

काम सुरू झाल्यावर दुसरीच अडचण पुढे आली. आपण उत्तेजक घेतले आहे हे ठाऊक असले, की हात अधिक जोराने ओढतो. चव, कुतूहल आणि अपेक्षा यांचा वाटा औषधाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून त्यांनी पदार्थाची चव झाकणारे मिश्रण तयार केले आणि त्याच चवीचे, पण औषध नसलेले, दुसरे मिश्रण त्याच्या जोडीला ठेवले. आज कोणते पोटात गेले हे प्रयोग चालू असताना खुद्द रिव्हर्स यांनाही कळत नसे. अशी दक्षता त्या काळी दुर्मीळ होती. मद्याच्या लहान मात्रांनी शक्ती वाढते ही समजूत या कसोटीवर टिकली नाही. कॅफिनचा गुण मात्र टिकला, स्नायूंच्या कामात आणि बौद्धिक कामातही. १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी क्रूनियन व्याख्याने दिली आणि १९०८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. प्रयोगाला बसलेली माणसे मोजकी होती. एवढ्यावरून आज कोणी ठाम निष्कर्ष काढणार नाही. पण औषध आणि त्याचे हुबेहूब सोंग शेजारी शेजारी ठेवण्याची रीत अचूक होती.

आपल्या परिचयाची ब्राह्मी याच रीतीने तपासली गेली. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी व्यक्तींवर प्रयोग झाला. काहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, असे बारा आठवडे चालले. ब्राह्मी घेणाऱ्यांत शिकण्याचा वेग आणि स्मरण सुधारले, चिंता घटली. त्याच वर्षी नुसती एक मात्रा देऊन पाहिली, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. २००२ च्या आणखी एका चाचणीत नवी माहिती लक्षात राहण्यात लाभ आढळला, पण चिंतेत बदल झाला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री बाटली उघडणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

रिव्हर्स एका विषयात फार काळ रमले नाहीत. १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर जाऊन ते तेथील लोकांची दृष्टी तपासून आले होते. १९०१-०२ च्या सुमारास निलगिरीत तोडा जमातीमध्ये राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. मित्र हेन्री हेड यांच्या हाताची एक नस १९०३ मध्ये मुद्दाम कापून, ती बरी होताना संवेदना कशी परतते याच्या नोंदी दोघांनी चार वर्षे ठेवल्या.

पहिल्या महायुद्धात एडिंबराजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात स्मृती आणि चिंता हे दोन्ही विषय त्यांच्यापुढे रुग्ण होऊन आले. खंदकांतून परतलेले अधिकारी रात्री किंचाळून उठत. झाले ते विसरा, असा सल्ला त्यांना सर्वत्र मिळत होता. रिव्हर्स यांना तो घातक वाटला. आठवण दडपली की चिंता बळावते, असे निरीक्षण त्यांनी डिसेंबर १९१७ मध्ये वैद्यकीय सभेत मांडले. ते रुग्णाला आठवणीजवळ सावकाश नेत आणि ती सोसता येईल अशी बाजू त्याच्यासह शोधत. कवी सिगफ्रीड ससून त्यांच्याकडे १९१७ च्या जुलैमध्ये आले आणि पुढे त्यांचे स्नेही झाले.

स्वतः रिव्हर्स यांना जागेपणी मनात चित्रे फारशी दिसत नसत. पाच वर्षांचे होईपर्यंत ज्या घरात ते राहिले, त्याचा तळमजला त्यांना आठवे. वरचा मजला कधीच आठवला नाही. ही उणीव त्यांनी १९२० च्या आपल्या पुस्तकात पुरावा म्हणून नोंदवली.

१९२२ मध्ये मजूर पक्षाने त्यांना लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघातून उमेदवारी दिली होती. निवडणुकीपूर्वीच केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमधील खोलीत अंतर्गळ अडकून ते अकस्मात आजारी पडले. ४ जून १९२२ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.