राजाजी आणि स्वतंत्र पक्ष

ऐंशी वर्षे उलटल्यावर माणसाने नवा राजकीय पक्ष काढावा, हे नवलच! १९४८ ते १९५० या काळात देशाचे गव्हर्नर जनरल असलेल्या चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, म्हणजे राजाजींनी, ते केले. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी मद्रासला स्वतंत्र पक्ष जन्मला.

मुंबईचे मिनू मसानी खुल्या अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते, प्रा. रंगा शेतकऱ्यांचे पुढारी, तर पुढे आलेल्या जयपूरच्या गायत्रीदेवी संस्थानी परंपरेतल्या. राजाजी स्वतः धर्मपरंपरा मानणारे, रामायण-महाभारत घरोघर पोचविणारे. ही मोट बांधावी कशी? सरकारचा हात आखडता असावा, एवढ्यावर सर्वांचे जमत होते. राजाजींनी तेवढेच धरले. एकवीस मूलतत्त्वे ठरली. त्यांपलीकडे सभासदाला मतस्वातंत्र्य. परमिट-लायसन्स राज हा शब्दप्रयोग राजाजींचाच.

विसंगती होतीच. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनी धान्यावरील नियंत्रण उठविले, परंतु १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणणारेही तेच, आणि तो आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. शेतकऱ्याने काय पिकवावे हे सरकारने सांगू नये, पण त्याने काय प्यावे हे मात्र सांगावे! निखळ उदारमतवाद्याला हे कसे रुचावे? तरी मोट टिकली. लोकसभेत १९६२ मध्ये १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा मिळाल्या. १९७१ मध्ये मात्र अवघ्या ८. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजी निवर्तले. दोनच वर्षांत पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.