शर्यतीच्या मैदानातच मांडलेले दुकान

मुंबईहून निघून सिंधुदुर्गातील शिरोडा गाठायचे, तेथून परत मुंबईला यायचे आणि असे तीन फेरे एका दिवसात व एका रात्रीत पुरे करायचे. मुंबई-गोवा रस्त्यावरून एकदा शिरोड्याला पोहोचतानाच ज्यांची कंबर धरते, त्यांना ही कल्पना वेडेपणाची वाटेल. फ्रान्समधील ले मान्स येथे जून १९४९ मध्ये सत्तेचाळीस वर्षांच्या एका माणसाने जवळपास एवढेच अंतर एका छोट्या लाल मोटारीतून कापले. चोवीस तासांत मोटार सुमारे ३,१७८ किलोमीटर धावली. त्यातला तासाभराहून थोडा अधिक वेळ सोडला, तर उरलेला सगळा काळ चाकामागे तोच होता. त्याचे नाव लुइजी किनेत्ती. ही मोटार त्याच्या मालकीची नव्हती. तिचा मालक, म्हणजे त्याचे गिऱ्हाईक, शेजारच्या पिटमध्ये आजारी होता.

फेरारी या नावाला आज जे वलय आहे, त्याची एक मोठी गाठ त्या रात्री बांधली गेली. युद्धामुळे १९३९ नंतर बंद पडलेली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत त्या वर्षी प्रथमच पुन्हा भरली होती. फेरारीच्या नावाची पहिली मोटार तयार होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. दोन लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनाची १६६ एमएम ही मोटार चोवीस तास टिकेल, असे फारसे कोणी गृहीत धरले नव्हते. किनेत्ती यांनी ती टिकवली आणि सहचालक लॉर्ड सेल्सडन यांच्यासह फेरारीला ले मान्सचे पहिले विजेतेपद मिळवून दिले.

किनेत्ती यांचा जन्म १७ जुलै १९०१ रोजी उत्तर इटलीतील लोम्बार्दी प्रांतात झाला. वडील बंदुकांचे कारागीर होते. धातूचे तुकडे केसाएवढ्या फरकाने घासून एकमेकांत बसवायचे काम मुलाने घरातच पाहिले असावे. सोळाव्या वर्षी तो आल्फा रोमेओच्या कारखान्यात लागला. तेथेच त्याची एन्झो फेरारी नावाच्या, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठ्या माणसाशी ओळख झाली. पुढे इटलीत फॅसिस्टांचे राज्य आले. त्या वातावरणात न रमलेले किनेत्ती पॅरिसला गेले आणि आल्फाच्या मोटारी विकू व दुरुस्त करू लागले.

त्यांच्या चरित्रातील हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. शर्यती जिंकून नाव मिळवायचे आणि उतारवयात त्या नावाच्या जोरावर मोटारींची पेढी काढायची, हा अनेक चालकांचा मार्ग असतो. किनेत्ती मेकॅनिक आणि विक्रेते आधी होते, चालक नंतर झाले. विकलेली मोटार कशी चालते, हे गिऱ्हाइकाला दाखवायला ते स्वतःच चाकामागे बसले, असे म्हटले तरी चालेल.

१९३२ मध्ये ते ले मान्सला उतरले. जोडीदार रेमाँ सोमेर. नमद्याचे कारखानदार असलेल्या घरातला हा धनाढ्य तरुण स्वतःची आल्फा रोमेओ घेऊन आला होता. शर्यतीत किनेत्ती यांची प्रकृती बिघडली आणि सोमेर यांनी एकट्याने वीस तासांहून अधिक काळ मोटार हाकली. विजेता म्हणून दोघांचेही नाव लागले. पुढच्या वर्षी हेच सोमेर प्रख्यात नुवोलारी यांच्यासह प्रतिस्पर्धी म्हणून समोर आले आणि किनेत्ती यांना अवघ्या काही सेकंदांनी दुसरे स्थान पत्करावे लागले. चोवीस तासांच्या शर्यतीत काही सेकंद! १९३४ मध्ये फिलीप एतांसलँ यांच्या जोडीने त्यांनी ले मान्स दुसऱ्यांदा जिंकली. १९४९ ची रात्र आठवताना १९३२ विसरून चालत नाही. एका आजारी जोडीदाराचे ऋण त्यांच्या खाती सतरा वर्षे मांडलेले होते.

१९४० मध्ये ते इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी एका मॅसेराटी संघाबरोबर अमेरिकेला गेले. तिकडे युरोपात युद्ध पेटले होते. किनेत्ती परतलेच नाहीत. न्यूयॉर्कमधील रोल्स-रॉइसच्या एका विक्रेत्याकडे त्यांनी काम धरले आणि यथावकाश अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. त्या वर्षांत त्यांनी अमेरिकन श्रीमंतांना जवळून पाहिले. पैसा आहे, वेगाची हौस आहे, पण आपल्या शेजाऱ्याकडे नसलेली मोटार मिळत नाही, अशी ही मंडळी होती.

डिसेंबर १९४६ मध्ये, नाताळच्या सुमारास, ते युद्धाने खिळखिळ्या झालेल्या इटलीत फेरारी यांना भेटले. या भेटीभोवती दंतकथांचे बरेच जाळे विणले गेले आहे. फेरारी यंत्रे बनवण्यातच गुंतले होते आणि किनेत्ती यांनी त्यांना मोटारीकडे वळवले, असे सांगितले जाते. ते पूर्ण खरे मानता येत नाही. फेरारी यांच्या पहिल्या मोटारीचे काम त्याआधीच सुरू झाले होते. किनेत्ती यांनी दिलेली गोष्ट वेगळी आणि कदाचित अधिक मोलाची होती. शर्यतीचा खर्च भागवायला मोटारी विकाव्या लागतात आणि घेणारे अमेरिकेत आहेत, हा हिशेब त्यांनी मांडला. फेरारी यांना गिऱ्हाइकांपेक्षा शर्यतीच अधिक प्रिय होत्या. गिऱ्हाइकांची बाजू सांभाळण्याचे काम न्यूयॉर्कमधून किनेत्ती यांनी पत्करले.

हा धंदा चालायचा कसा? कारखान्याला दर हंगामात नवी मोटार लागे. गेल्या वर्षीची मोटार तिथे निरुपयोगी, पण अमेरिकेतील हौशी चालकासाठी ती स्वप्नवत. किनेत्ती ती विकत, तिची निगा राखायला कारागीर देत, शर्यतीत नोंदणी करून देत. गरज पडली तर सहचालक म्हणून स्वतः बसत. नोव्हेंबर १९५१ मध्ये मेक्सिकोची लांबी कापणाऱ्या ‘कारेरा पानामेरिकाना’ या सुमारे तीन हजार किलोमीटरच्या शर्यतीत ते पिएरो तारुफ्फी यांच्याबरोबर पहिले आले. दुसरा क्रमांकही फेरारीचाच होता. पन्नाशीतल्या विक्रेत्याने केलेली याहून चांगली जाहिरात कल्पनेतही येणार नाही. फेरारीच्या पुढच्या मोटारींना ‘अमेरिका’ आणि ‘मेक्सिको’ ही नावे मिळाली, यावरून वारे कोठून वाहत होते ते कळते.

या व्यवहाराला काळी बाजूही होती. १९५३ च्या ले मान्समध्ये किनेत्ती यांचा जोडीदार टॉम कोल हा होता. त्याच्या पाळीत मोटार उलटली आणि तो जागीच गेला. त्यानंतर किनेत्ती ले मान्सला पुन्हा चालक म्हणून उतरले नाहीत. इतरांना उतरवण्याचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. उलट ते वाढवले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम’ हा संघ उभा केला. मेक्सिकोचा रिकार्दो रोद्रिगेझ अठरा वर्षांचा असताना, १९६० मध्ये, या संघाच्या मोटारीतून ले मान्सला दुसरा आला. १९६२ मध्ये मेक्सिको सिटीत दुसऱ्या संघाच्या मोटारीत सराव करताना त्याचा अंत झाला. त्याचा मोठा भाऊ पेद्रो, तोही किनेत्ती यांच्याच तालमीतला, १९७१ मध्ये जर्मनीत शर्यतीतच गेला. गुणी मुलगा ओळखण्याची किनेत्ती यांची नजर अचूक होती, यात वाद नाही. त्या नजरेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र त्या काळातील साऱ्याच संघचालकांना विचारावा लागतो.

१९६४ मध्ये इटलीच्या मोटार संघटनेशी बिनसल्याने फेरारी यांनी आपल्या लाल रंगालाच रजा दिली आणि हंगामातील शेवटच्या शर्यतींसाठी मोटारी किनेत्ती यांच्या संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात पाठवल्या. जॉन सर्टीस त्या रंगातच जगज्जेते ठरले. पुढच्याच वर्षी ले मान्सला फोर्डचा आणि फेरारीचा, दोघांचेही अधिकृत ताफे कोलमडले. आघाडीवरच्या दुसऱ्या एका खासगी फेरारीचा टायर फुटला आणि किनेत्ती यांच्या संघाची २५० एलएम पुढे निघाली. मास्टन ग्रेगरी आणि योखन रिन्ट यांनी ती शर्यत जिंकली. कारखान्याला जे जमले नाही, ते डीलरने करून दाखवले. त्यानंतर ले मान्सचे विजेतेपद फेरारीच्या वाट्याला आले ते थेट २०२३ मध्ये, अठ्ठावन्न वर्षांनी.

विक्रेता म्हणून त्यांचा प्रत्येक अंदाज बरोबर आला, असे नाही. १९६७ मध्ये त्यांच्या आग्रहावरून फेरारीने २७५ जीटीबी/४ ची उघडी आवृत्ती काढली. पंचवीस बनवायचे ठरले होते. गिऱ्हाईक मिळेना म्हणून दहांवरच काम थांबले. त्या दहांपैकी एक मोटार २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात पावणेतीन कोटी डॉलरला गेली. ज्याच्या हयातीत हा माल पडून राहिला, त्याच्या पश्चात त्याची अशी बोली लागावी, हा दुकानदारीतला जुनाच विनोद आहे.

१९६९ मध्ये फेरारी कंपनीचा निम्मा हिस्सा फियाटकडे गेला. हस्तांदोलनावर चालणाऱ्या व्यवहारांचे दिवस संपत आले. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील विक्रीची सूत्रे किनेत्ती यांच्या हातून सुटत गेली. फेरारी यांच्याशी त्यांचे भांडण आणि समेट आयुष्यभर चालूच राहिले. त्यांच्या संघाने मात्र १९८२ पर्यंत ले मान्सला हजेरी लावली. एन्झो फेरारी १९८८ च्या ऑगस्टमध्ये गेले. सहा वर्षांनी, १७ ऑगस्ट १९९४ रोजी, कनेक्टिकटमधील ग्रीनविच येथे वयाच्या ९३ व्या वर्षी किनेत्ती यांचे निधन झाले. १९६५ ची ती विजयी मोटार पुढे अनेक वर्षे इंडियानापोलिसच्या संग्रहालयात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती सुमारे ३ कोटी ४९ लाख युरोला विकली गेली. त्यानंतर चारच महिन्यांनी ले मान्सला पुन्हा फेरारी पहिली आली. ती कारखान्याच्या अधिकृत संघाची नव्हती, एका खासगी संघाने उतरवलेली पिवळी मोटार होती.