लातूरचा वकील आरोपीच्या पिंजऱ्यात

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा विषय निघाला, की मराठवाड्यात एक नाव आजही तिरस्काराने उच्चारले जाते, ते म्हणजे कासीम रझवी. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतील जुन्या पिढीने त्याच्या रझाकारांची दहशत सोसली. मात्र हा माणूस पेशाने वकील होता आणि त्याच्या आयुष्याचा शेवटचा मोठा लढा न्यायालयातच लढला गेला, हे फारसे सांगितले जात नाही.

१९०२ मध्ये जन्मलेल्या रझवीने अलीगढ येथे कायद्याचे शिक्षण घेतले आणि लातूरला वकिली थाटली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९४४ मध्ये बहादूर यार जंग यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रे रझवीच्या हाती आली आणि रझाकार ही सशस्त्र संघटना फोफावली. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारत सरकारशी वाटाघाटी करणारे निजामाचे शिष्टमंडळ जमावाच्या बळावर रोखण्यापर्यंत त्याची मजल गेली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याला दडपशाहीने उत्तर मिळू लागले. ऑगस्ट १९४८ मध्ये विलीनीकरणाची बाजू घेणारे निर्भीड संपादक शोएबुल्लाखान यांचा हैदराबादेत खून झाला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. पाठोपाठ रझवीला अटक झाली. जानेवारी १९४८ मध्ये बीबीनगर गावावर रझाकारांनी हल्ला करून लुटालूट केली होती. त्या प्रकरणी लष्करी राजवटीने नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला आणि रझवीला सात वर्षांची शिक्षा झाली. हैदराबाद उच्च न्यायालयातही ती कायम राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

तेथील प्रश्न रझवी वाईट की चांगला, हा नव्हता. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली होती. घटनेचे चौदावे कलम सर्वांना कायद्यापुढे समान मानते. विशेष न्यायाधिकरणाची कार्यपद्धती मात्र सर्वसाधारण न्यायालयांहून वेगळी होती. खटला वरच्या न्यायालयाकडे सोपवण्यापूर्वीची प्राथमिक चौकशी तीत नव्हती आणि साक्षीही संक्षेपाने नोंदवण्याची मुभा होती. अशा पद्धतीने झालेली शिक्षा टिकेल काय, हे पाच न्यायमूर्तींना ठरवायचे होते.

जानेवारी १९५३ मध्ये निकाल लागला. घटना पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही, म्हणून ती येण्यापूर्वी उरकलेले टप्पे आपोआप रद्द ठरत नाहीत, असे बहुमताने म्हटले. घटना आल्यानंतरच्या कामकाजात आरोपीला साधारण खटल्यातील संरक्षण प्रत्यक्षात मिळाले होते की नाही, एवढेच त्यांनी तपासले. ते बहुतांशी मिळाल्याचे तीन न्यायमूर्तींना दिसले आणि रझवीचा आक्षेप फेटाळला गेला. न्यायमूर्ती विवियन बोस आणि न्यायमूर्ती गुलाम हसन यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. रझाकारांच्या म्होरक्यालाही समानतेचे कलम लागू आहे, याविषयी पाचांपैकी कोणाचेच दुमत नव्हते. मतभेद होता तो कलमाचा भंग झाला की नाही, यापुरता.

अपिलाचे न्यायालय घटना पुन्हा घडवून पाहत नाही. खालच्या न्यायालयाने कायद्याची वाट सोडली काय आणि त्याने आरोपीचे नुकसान झाले काय, हे ते पाहते. रझवीच्या राजवटीत विरोधकांना ही सोय नव्हती, तर त्याला स्वतःला मात्र ती देशाच्या सर्वोच्च पायरीपर्यंत मिळाली.

चंचलगुडा आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात शिक्षा भोगून १९५७ मध्ये तो सुटला आणि लगेच पाकिस्तानात गेला. १५ जानेवारी १९७० रोजी कराचीत, जवळजवळ विस्मृतीत, त्याचा मृत्यू झाला. त्याचे नाव दहशतीशी कायमचे जोडले गेले. कायद्याच्या अहवालांत मात्र ते समानतेच्या हक्काची कसोटी पाहणाऱ्या एका निवाड्याचे शीर्षक होऊन उरले आहे.