साठीनंतरची गिटार

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणूस साठीला आला की त्याने जपमाळ हाती घ्यावी, नातवंडे खेळवावीत आणि नवे काही शिकण्याचा नाद सोडावा, असे आपण धरून चालतो. वाद्याच्या बाबतीत तर हा समज अधिकच पक्का. बोटे कोवळी असतील तरच ती तारेवर वळतात, असे जाणकारही सांगतात. या समजाला आपल्या बोटांनीच उत्तर देणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव एलिझाबेथ कॉटन. तिने साठीच्या सुमारास गिटार पुन्हा हाती घेतली, आणि ज्या वयात लोक निवृत्त होतात त्या वयात ती रंगमंचावर आली.

एलिझाबेथचा जन्म जानेवारी १८९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपल हिल या गावाजवळ झाला. कुटुंब कृष्णवर्णीय आणि कष्टकरी. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षे झाली होती. वडील खाणीत काम करीत, आई सुईणपण करी. पाच भावंडांत ही धाकटी. थोरल्या भावाकडे एक बँजो होता. आपल्याकडे वरातीत वाजतो तो बँजो नव्हे. चामडे ताणलेल्या गोल तबकडीचे आणि लांब दांडीचे ते तंतुवाद्य असते. भाऊ कामावर गेला की ही मुलगी चोरून ते वाजवी. ती डावखुरी होती आणि वाद्य उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेले. तारा बदलाव्यात तर भावाला कळणार. मग तिने वाद्यच उलटे धरले!

पुढे गिटारीचेही तसेच झाले. एलिझाबेथची शाळा लहानपणीच सुटली आणि ती लोकांच्या घरी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला जाऊ लागली. सुरुवातीचा पगार महिन्याला ७५ सेंट. त्यातून साठवून तिने ३ डॉलर ७५ सेंटची 'स्टेला' बनावटीची गिटार घेतली. त्या पगाराच्या हिशेबाने ही पाच महिन्यांची सगळी कमाई होते. बारा वर्षांच्या आतबाहेरच्या पोरीने एवढे पैसे एका वाद्यापायी खर्च करावेत, यावरून तिची ओढ कळते.

गिटारीच्या जाड, खर्जाच्या तारा एरवी वरच्या बाजूला असतात. त्या अंगठ्याने वाजवतात आणि बारीक तारांवर बोटांनी चाल काढतात. गिटार उलटी धरल्यामुळे एलिझाबेथच्या हातात सगळेच फिरले. खर्ज बोटांकडे आला आणि चाल अंगठ्याकडे गेली. शिकवणारा कोणी नव्हता, त्यामुळे हे चुकीचे आहे असे सांगणाराही कोणी नव्हता. पुढे हीच धाटणी तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. घराजवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज ऐकत त्या कोवळ्या वयातच तिने एक गाणे रचले. 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी, हे त्याचे नाव.

सतराव्या वर्षी तिचे फ्रँक कॉटन यांच्याशी लग्न झाले, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी सांगितले की देवाची गाणी गावीत, ही ऐहिक गाणी सोडावीत. संसाराचे ओझे होतेच. हळूहळू गिटार सुटली आणि सुटली ती काही दशकांसाठी. या काळाबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही आणि तेच मला महत्त्वाचे वाटते. एका कलावंताच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्यांची भांडी घासण्यात गेली, एवढीच त्यांची नोंद.

१९४० नंतरच्या दशकात एलिझाबेथबाई वॉशिंग्टनमध्ये राहत होत्या. तिथे एका मोठ्या दुकानात कामाला असताना त्यांना आईपासून चुकलेली एक लहान मुलगी सापडली. त्यांनी तिला आईकडे पोचवले. ती मुलगी पेगी सीगर आणि आई रूथ क्रॉफर्ड सीगर. या ओळखीतून बाईंना सीगरांच्या घरी घरकाम मिळाले.

हे घर साधे नव्हते. रूथ या संगीतरचनाकार होत्या; संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साल १९३०. पती चार्ल्स सीगर हे संगीताचे अभ्यासक. आपण शाळेत म्हटलेले 'हम होंगे कामयाब' ज्या इंग्रजी गाण्यावरून आले, ते गाणे जगभर नेणाऱ्यांत अग्रभागी असलेले पीट सीगर हे चार्ल्स यांचे पहिल्या पत्नीपासूनचे चिरंजीव. या घरात लोकगीतांचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याची स्वरलिपी लिहिण्याचे काम चाले. दूरदूरच्या खेड्यांतली गाणी या घरात कागदावर उतरत होती आणि लोकगीतांची एक खाणच त्याच घराच्या स्वयंपाकघरात पोळ्या भाजावी तशी मुकाट पाव भाजत होती. तिला गाणे येते का, हे विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते.

घरात एक गिटार भिंतीला टांगलेली असे. एकदा बाईंनी ती खाली काढली. पुढे एके दिवशी पेगीने त्यांना ती वाजवताना पाहिले आणि घर चकित झाले. मधल्या वर्षांत कामाने बोटे राठ झाली होती, कितीतरी चाली विसरल्या होत्या. कामातून सवड काढून त्यांनी एकेक चाल आठवून पुन्हा बसवली. साठीतले हे शिकणे बारा वर्षांच्या मुलीच्या शिकण्याहून सोपे खचित नव्हते. पण वाद्य उलटे धरण्याची रीत हातात तशीच शिल्लक होती.

पेगीने 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडमध्ये नेले. तिथे १९५७ साली चास मॅकडेव्हिट आणि नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात त्याची तबकडी गाजली. पण रचनाकार म्हणून तिसऱ्याच माणसांची नावे लागली. सीगर कुटुंबाच्या मदतीने खटपट केल्यावर बाईंना त्या गाण्याचे श्रेय मिळाले. पेगीचा भाऊ माइक याने बाईंच्या घरी जाऊन त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले आणि १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. त्यानंतर जाहीर कार्यक्रम सुरू झाले. १९६४ साली न्यूपोर्टच्या प्रसिद्ध लोकसंगीत महोत्सवात त्या वाजवून आल्या. १९६७ च्या तबकडीत पणतवंडांना बरोबर घेऊन रचलेले गाणेही होते. पहिली तबकडी निघाल्यावरही काही वर्षे त्या घरकामाला जातच होत्या. टाळ्यांनी घरभाडे भरता येत नाही.

१९८४ मध्ये अमेरिकन शासनाच्या कला-संस्थेने त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला आणि पुढच्या वर्षी, नव्वदी ओलांडल्यावर, ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २९ जून १९८७ रोजी सिराक्यूज येथे त्यांचे निधन झाले.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, शिकायला वयाची अट नाही. ते खरे आहे. पण तेवढेच म्हटले तर बाईंवर थोडा अन्याय होईल. त्यांना उशीर झाला तो बुद्धीमुळे नव्हे, बोटांमुळेही नव्हे. वेळ आणि हातात वाद्य या दोन गोष्टी त्यांना चाळीस वर्षे मिळाल्या नाहीत. त्या मिळाल्या तेव्हा साठीची बुद्धी नाठी झालेली नव्हती.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारखी मुले या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. आम्ही पुस्तकांतून लोकसाहित्य शिकतो, ओव्यांचे प्रकार पाठ करतो, परीक्षेत त्यावर टिपा लिहितो. ज्यांना त्या ओव्या येतात त्या आमच्या आया आणि आज्या घरी आमची ताटे वाढत असतात. त्यांना काय येते, काय यायला हवे होते आणि आता काय शिकावेसे वाटते, हे विचारायला पदवी लागत नाही. सीगरांच्या घरात ते कळायला भिंतीवरची गिटार खाली यावी लागली. आपल्याला तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.