वालाचे बिरडे, नीरा आणि मोडलेले हाड

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे माडांची अरुंद पट्टी. इथे हाड मोडायला मोठे निमित्त लागत नाही. माडावर चढताना पाय सुटतो, होडी वाळूत ओढताना तोल जातो, पावसात शेवाळलेल्या पायरीवर म्हातारे माणूस घसरते. प्लास्टर घातले की घरात पथ्याचा विचार सुरू होतो. आंबट बंद, कुणाकडे मासेही बंद, मऊ पेज चालू, आणि परवडत असेल तर पायाचे सूप. हे पथ्य मायेपोटी असते, पण हाडाला जे हवे तेच त्यातून बरेचदा वगळले जाते.

हे कसे, ते कळायला डॉ. कमला सोहोनी यांच्या कामाकडे पाहावे. त्यांनी हाडांवर संशोधन केले नाही. हाड ज्या अन्नाच्या जोरावर सांधते, त्या अन्नावर मात्र आयुष्य घातले.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी असल्यामुळे प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नाही, या अटीवर त्यांना आत घेतले. ही अट त्यांना अपमानाची वाटली आणि ती होतीच. पण वर्षभराने प्रवेश पक्का झाला आणि त्यांच्यामागून इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी विषय निवडला तो दूध, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिनांचा. गरिबाच्या ताटातले प्रथिन प्रामुख्याने तेच. आता मोडलेल्या हाडाकडे वळू. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्याचा सांगाडा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो आणि कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार त्यावर बसतात. हाड मोडले की तिथे आधी रक्त साकळते, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो. तो कोलॅजन आणि कूर्चेचा असतो. क्षार भरून तो टणक होतो ते त्यानंतर. म्हणजे पहिली गरज प्रथिनाची. नुसत्या पेजेवर ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाचे हाड रेंगाळते, आणि जोडीला स्नायूही झिजतात. पायाच्या सुपाचे म्हणाल, तर हाडे उकळली तरी पाण्यात कॅल्शियम फारसे उतरत नाही, आणि त्यात उतरणारे जिलेटिन हे अपुरे प्रथिन आहे. चवीला प्यावे, औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

केंब्रिजला त्या सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळाले होते. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवले आणि जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तिथेच राहता आले असते, पण त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ च्या लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा पुढचा प्रवास.

मुंबईतले त्यांचे काम कोकणी स्वयंपाकघराच्या अगदी जवळचे आहे. वाल आणि डबल बीन यांत प्रथिन पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केल्याचे कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. कच्च्या वालातले प्रथिन पोटात जाऊनही पुरते कामी येत नाही, त्याचे एक कारण हे. नीट शिजवले की हे घटक बहुतांशी निकामी होतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवून केलेले बिरडे प्लास्टरमधल्या माणसाला उत्तम.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडमाडाच्या या ताज्या रसात आणि त्याच्या गुळात क जीवनसत्त्व आणि लोह आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजनचे धागे पक्के विणले जात नाहीत. अॅन्सन यांच्या १७४० च्या दशकातील सागरी सफरीत स्कर्व्हीने ग्रासलेल्या एका खलाशाचे फार पूर्वी मोडून सांधलेले हाड पुन्हा सुटल्याची नोंद आहे. तेव्हा ‘आंबटाने हाड सांधत नाही’ म्हणून लिंबू, आवळा, पेरू तोडणे उलटेच ठरते. मासेही तोडू नयेत. काट्यासकट खाल्लेल्या लहान तारल्यांतून प्रथिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असे तिन्ही मिळते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिन किती घ्यायचे, ते डॉक्टरांनी ठरवावे. नीरेचेही भान हवे: ती सूर्य वर येण्याआधीची. ऊन लागले की आंबून तिची माडी होते, आणि दारूने हाड उशिरा सांधते. मधुमेह असेल तर तिच्यातली साखरही मोजावी लागेल.

विज्ञान संस्थेचे संचालकपद कमलाबाईंना मिळाले, पण ते अंतर्गत राजकारणात काही वर्षे अडून राहिल्यावर. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या, अन्नातली भेसळ ओळखायला लोकांना शिकवू लागल्या. मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिली. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.