विश्वेश्वरय्या : नद्यांची मोजदाद करणारा अभियंता

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिनानिमित्त सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार घातले जातात. रेल्वेच्या डब्यात बसल्याबसल्या केवळ आवाजावरून रुळाचा तडा ओळखून त्यांनी गाडी थांबवली, ही आख्यायिकाही त्या दिवशी हमखास सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, या माणसाच्या कर्तृत्वाचे मर्म पावसाच्या नोंदी, नद्यांचे विसर्ग आणि तलावांच्या पातळ्या यांच्या रूक्ष कोष्टकांत शोधावे लागते. पाण्याला हात लावण्यापूर्वी ते मोजायचे, ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळवली आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ ते हेच. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांच्या उमेदीची जवळपास चोवीस वर्षे या इलाख्यात गेली. त्यामुळे कर्नाटकाइतकाच महाराष्ट्राचाही त्यांच्यावर हक्क पोहोचतो.

पहिली नेमणूक नाशिक विभागात आणि लवकरच मुक्काम खानदेशात. धुळे परिसरात एका ओढ्याखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम ऐन पावसाळ्यात त्यांच्याकडे आले. पुराच्या दिवसांत काम थांबवावे, असे या नवख्या अभियंत्याने कळवले. वरिष्ठांना ती कामचुकारी वाटली. त्यांनी वाद वाढवला नाही आणि काम पुरे करून दाखवले. पण पावसाळी नदीचा स्वभाव नकाशावर उमटत नाही, हे त्यांना नोकरीच्या आरंभीच पांझरेच्या खोऱ्यात उमगले असणार.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. १८९४-९५ मध्ये सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदी दाराशी वाहत होती, पण तिचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी गाळणटाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीकाठी पात्रातच विहीर खोदली आणि तिथून पात्राच्या तळाखाली बोगदा नेला. वाळूच्या थरांतून झिरपलेले स्वच्छ पाणी विहिरीत जमू लागले आणि ते पंपाने टेकडीवर चढवण्यात आले. नदीचे वाहते पाणी आणि तिच्या वाळूखालचे पाणी ही एकाच साठ्याची दोन रूपे आहेत, हे त्यांनी इथे व्यवहारात उतरवले. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झरे उपसून पाणी भरणाऱ्या आपल्याकडच्या बायाबापड्यांना हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतेच. सरकारी अभियंत्याने त्याला गणिताची जोड दिली. पुढे १९०६ मध्ये एडनच्या लष्करी वसाहतीसाठी पाणी शोधतानाही त्यांची नजर समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या महागड्या यंत्रांपलीकडे, उत्तरेकडच्या डोंगरांत पडणाऱ्या पावसाकडे आणि नदीपात्रात मुरलेल्या पाण्याकडे वळली.

पुण्याशी त्यांचे नाते खडकवासल्याचे. मुठेवरील या जलाशयाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंचीने पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहर व छावणीला टंचाई जाणवे. धरणाची भिंत उंचवायची तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामाला धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. ठरावीक पातळीपर्यंत ते पाणी अडवत, ती पातळी ओलांडताच आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. भिंतीला हात न लावता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. ही रचना १९०३ च्या सुमारास कार्यान्वित झाली, तिचे पेटंटही त्यांच्या नावे झाले आणि पुढे असेच दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर बसले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून आलेल्या लोंढ्यात खडकवासल्याच्या धरणालाही भगदाड पडले, तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते.

त्याच सुमारास नीरा कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची नवी पद्धत सुचवली. कालव्याचे पाणी विखुरलेल्या तुकड्यांना, विशेषतः उसाला, बेहिशेब दिले जाई. पाणी वाया जाई आणि जमिनी पाणथळ होत. विश्वेश्वरय्यांच्या गट पद्धतीत सिंचनाचे क्षेत्र ठरावीक गटांत आखून पाणी पाळीने द्यायचे आणि गटातील पिकांचा फेरपालट करायचा, असे ठरले. उसाला गटाचा मर्यादित भागच मिळे. आपल्या पाण्यावर गदा येणार, अशा शंकेने शेतकऱ्यांनी प्रारंभी विरोध केला. सिंचन आयोगाने मात्र या पद्धतीची दखल घेतली. उसावरची ती मर्यादा दख्खनच्या कालव्यांवर पुढे कशी निसटली, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

अनेक वरिष्ठांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या होत्या, पण मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी भारतीयाला मिळणे दुरापास्त होते. त्यांनी नोकरी सोडली आणि १९०८ मध्ये ते परदेश प्रवासाला निघाले. हा प्रवास सुरू असतानाच हैदराबादच्या निजामाचे बोलावणे आले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले होते. नदीवरील चार पुलांपैकी केवळ पुराना पूल टिकला. मृतांचा आकडा सुमारे पंधरा हजार सांगितला जातो. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड त्या शहराने पुढे जपले. ठरलेला प्रवास पूर्ण करून विश्वेश्वरय्या एप्रिल १९०९ मध्ये हैदराबादेत पोहोचले, तेव्हा शहराला हवी होती पुनर्बांधणी. त्यांनी हाती घेतला तो पावसाचा हिशेब.

खोऱ्यात पर्जन्यमापके मोजकीच होती. शमसाबादच्या नोंदीनुसार २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत सुमारे १९ इंच पाऊस कोसळला होता. एवढ्या तुटपुंज्या नोंदींवर विसंबून न राहता त्यांनी शेजारच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील वादळी पावसांच्या नोंदी मागवल्या आणि असा पाऊस पुन्हा पडू शकतो का, हे ताडून पाहिले. उत्तर होकारार्थी होते. हा देवाचा कोप नव्हता. पुन्हा येऊ शकेल अशी ही घटना होती, आणि तिची तयारी करणे माणसाच्या हाती होते. पुराचा सर्वोच्च विसर्ग त्यांनी सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट काढला.

त्यांच्या पाहणीतील खरा अस्वस्थ करणारा भाग तलावांचा आहे. शहराच्या वरच्या बाजूला मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, म्हणजे दर चौरस मैलामागे जवळजवळ एक. शेतीला आणि विहिरींना आधार देणारी ही पूर्वजांची देणगी. पण त्या पावसात त्यांपैकी २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे आणि तोही जाई. पावसाच्या पुरात अशी साठवलेल्या पाण्याची भर पडत गेली. एकेकटा तलाव भक्कम असून भागत नाही, सगळे खोरे एकत्र पाहावे लागते, हे या मोजणीतून दिसले.

१ ऑक्टोबर १९०९ ला त्यांनी अहवाल दिला. शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर पूर थोपवून धरणारे दोन जलाशय बांधावेत, ही त्यातील मुख्य शिफारस. उस्मान सागर १९२० मध्ये आणि हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या या जलाशयांनी पुढे कित्येक दशके हैदराबादची तहानही भागवली.

त्याच वर्षी ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर हे त्यांचे सर्वांत गाजलेले काम. शिवनसमुद्रच्या वीजकेंद्राला उन्हाळ्यात पाणी कमी पडे आणि कोलारच्या सोन्याच्या खाणी त्या विजेवर अवलंबून होत्या. खालच्या बाजूच्या मद्रास सरकारने हरकत घेतली. कमी उंचीच्या धरणालाच परवानगी मिळाली, तरी विश्वेश्वरय्यांनी पाया घातला तो पूर्ण उंचीचा. काम १९११ मध्ये सुरू झाले. या पायाबद्दल त्यांचे कौतुक होते. मद्रासच्या बाजूने पाहिले तर ती कुरघोडी होती, हेही नाकारता येत नाही. १९२४ च्या कराराने तोडगा निघाला, आणि त्यात म्हैसूरने पाणी किती अडवायचे याची कसोटी ठरली ती खाली मद्रास हद्दीतील अप्पर अणैकट बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरील पातळी. दोन सरकारांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, पण पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर होता. तो तंटा पुढे लवादापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये आला.

दिवाणपद सोडल्यावरही पाण्याने त्यांना सोडले नाही. ओरिसातील महानदीच्या पुरांबाबत गांधीजींच्या सूचनेवरून त्यांना पाचारण करण्यात आले, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. १९३७ च्या अहवालात त्यांनी आधी पाऊस आणि नद्यांच्या विसर्गाची पद्धतशीर आकडेवारी गोळा करण्याचा आग्रह धरला. १९३९ मध्ये त्यांनी आणखी एक अहवाल दिला. महानदीवरील हिराकूड धरणाचे उद्घाटन १९५७ मध्ये झाले. त्याआधी दोन वर्षे, १९५५ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले होते. १४ एप्रिल १९६२ रोजी वयाची शंभरी ओलांडून त्यांनी बंगळूरला अखेरचा श्वास घेतला. मुद्देनहळ्ळीत, जन्मगावी, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.