बहात्तराव्या वर्षी स्वतःलाच सुई टोचून घेणारे डॉक्टर : ब्राऊन-सेकार आणि पुरुषी ताकदीचं इंजेक्शन

चाळिशी-पन्नाशीत थकवा वाटू लागला, कामात लक्ष लागेना, वैवाहिक जीवनातली गोडी कमी झाली, की टेस्टोस्टेरॉन सुरू करावं का, असा प्रश्न आता अनेक पुरुषांना पडतो. काही जण डॉक्टरांना विचारतात, बरेच जण लाजेपोटी मोबाईलवरच शोधतात. हा प्रश्न आजचा नाही. १८८९ साली पॅरिसमधल्या एका नामवंत डॉक्टरांनी तो स्वतःच्या शरीरावर सोडवून पाहिला. त्यांचं नाव चार्ल्स-एदुआर ब्राऊन-सेकार.

त्यांचा जन्म १८१७ चा, मॉरिशसमधल्या पोर्ट लुईचा. पुढच्या काळात कोकणातली मराठी माणसं मजूर म्हणून ज्या बेटावर उतरली, तेच हे बेट. वडील ब्राऊन अमेरिकन जहाजाचे कप्तान. मुलगा जन्मण्याआधीच ते समुद्रात गेले. आई शार्लोट सेकार फ्रेंच वंशाची. तिनेच कष्टाने मुलाला वाढवलं. पुढे आईच्या आठवणीसाठी त्यांनी तिचं आडनाव आपल्या नावाला जोडलं.

१८३८ मध्ये ते पॅरिसला गेले ते लेखक व्हायचं म्हणून. ते काही जमलं नाही, मग वैद्यकाकडे वळले आणि १८४६ मध्ये डॉक्टर झाले. मज्जारज्जूची एकच बाजू तुटली तर अंगाच्या कुठल्या बाजूची ताकद जाते आणि कुठल्या बाजूला वेदना कळेनाशा होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या आजाराला आजही त्यांचंच नाव आहे.

स्वतःवर प्रयोग करायची त्यांना जुनीच सवय. १८५४ मध्ये मॉरिशसला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ते तिथे धावले. अफूचा उपाय चालतो का हे बघण्यासाठी त्यांनी रुग्णांची उलटी गिळली आणि वर अफूचा अर्क घेतला. जीव जाता जाता वाचला. बेटावरच्या लोकांनी त्यांना सुवर्णपदक दिलं.

१८५६ मध्ये त्यांनी दाखवलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काढल्या की जनावरं दगावतात. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात, असं त्यांचं मत पक्कं होत गेलं. लंडन, अमेरिकेतलं हार्वर्ड असा प्रवास करून १८७८ मध्ये त्यांना पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांची जागा मिळाली. म्हणजे मान होता, पद होतं. शरीर मात्र थकलेलं होतं.

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळासमोर त्यांनी सांगून टाकलं की कुत्रा आणि गिनी पिग यांच्या वृषणांचा पाण्यात काढलेला रस आपण स्वतःला टोचून घेतला आहे. प्रयोगशाळेत तासन् तास उभं राहता येतं, जिना भरभर चढता येतो, हाताची ताकद यंत्रावर मोजली तर वाढलेली दिसते, पोटही साफ होतं. आपल्यासारख्याच वयस्क शास्त्रज्ञांनी हा प्रयोग करून पाहावा, असंही त्यांनी सुचवलं. पुढे सुया थांबल्या आणि काही आठवड्यांत अशक्तपणा परत आला, हेही त्यांनी लपवलं नाही.

एवढ्यावर युरोप-अमेरिकेत गदारोळ झाला. काहींनी टिंगल केली, काहींनी तारुण्याचं अमृत म्हणून दुकान मांडलं. ब्राऊन-सेकार यांनी मात्र पैसा केला नाही. सहकारी दार्सोनव्हाल यांच्यासोबत ते हा रस तयार करून डॉक्टरांना फुकट देत राहिले. एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं.

खरी गोष्ट अशी की त्या रसात फारसं काही नव्हतंच. वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात, पण साठवून ठेवत नाहीत, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांच्याच पद्धतीने रस काढून मोजला, तेव्हा परिणाम होण्याइतकं टेस्टोस्टेरॉन त्यात सापडलं नाही. म्हणजे ताकद आली ती विश्वासाची. खोटं बोलत नव्हते, पण फसले होते. विचार मात्र बरोबर निघाला. १८९१ मध्ये थायरॉईडच्या अर्काने खरोखरच रुग्ण बरा झाला, आणि १९३५ मध्ये खरं टेस्टोस्टेरॉन हाती लागलं.

आज औषध खरं आहे, म्हणून निर्णय सोपा झाला असं नाही. तक्रारी असतील आणि सकाळच्या रक्ततपासणीत वेगवेगळ्या दिवशी दोनदा पातळी कमी आली, तरच डॉक्टर विचार करतात. २०१६ मध्ये पासष्टीपुढच्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीत कामेच्छा थोडी सुधारली, अंगातला उत्साह मात्र फारसा वाढला नाही. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत हार्ट अटॅक वाढले नाहीत, पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी हे प्रकार जास्त दिसले. औषध चालू असताना शुक्रजंतू घटतात, त्यामुळे मूल हवं असणाऱ्यांनी आधीच सांगावं. रक्त दाट होतं का, प्रोस्टेट ठीक आहे का, हेही तपासत राहावं लागतं.

सुई टोचल्यावर बरं वाटणं हा पुरावा नव्हे. ब्राऊन-सेकार यांच्यासारखा आयुष्यभर मोजमाप केलेला माणूसही स्वतःच्या बाबतीत चुकला. मग आपण आधी रक्ताचा रिपोर्ट बघावा, झोप, वजन, साखर तपासावी, आणि मगच ठरवावं.